चांदण्या पुसलेली ओळ

मी एक जुनी ओळ आहे, मित्रांनो, जावास्क्रिप्टची. बुलढाण्यातल्या मुलींच्या आणि नोकरदार बायकांच्या एका वसतिगृहाच्या ऑनलाइन अर्जात राहते. मी कोणाला दिसत नाही, पण रकाना रिकामा दिसला की तो लाल करते आणि अर्ज अडवते.

मला वसतिगृहाची वेबसाइट सांभाळणाऱ्या मयुरीताईंनी घडवले. अर्जात लिहायचे इनपुट, निवडायचे सिलेक्ट आणि सविस्तर मांडायचे टेक्स्टएरिया असे रकाने होते. ताईंनी मधे स्वल्पविराम देऊन तिघांना माझ्यात एकत्र गुंफले आणि प्रत्येकापुढे 'आवश्यक असेल तरच' अशी खूण जोडली. ज्या रकान्यावर लाल चांदणी, तेवढाच मी तपासायचा. किती नेटके काम होते माझे!

ताई दुसऱ्या नोकरीवर गेल्या आणि त्यांच्या जागी गजेंद्र आला. कोणाचा तरी पत्ता रिकामा आला म्हणून साहेब ओरडले, तर या आळशाने माझ्या तिन्ही खुणाच उडवल्या. आता सरसकट सगळे रकाने सक्तीचे! आजार नसला तरी आजार लिहा. रकाना कसातरी भरायला लोक मला नुसती टिंबे चारू लागले. शी! रोज तीच टिंबे गिळून मला स्वतःचीच किळस आली.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी रोहिणखेडची धम्मशीला आई बनाबाईंना घेऊन मोताळ्याच्या सायबर कॅफेत आली. तिचा बुलढाण्यात नर्सिंगला नंबर लागला होता. राहायला जागा मिळाली नाही तर तो सोडावा लागणार होता.

तिचे लग्न झालेले नव्हते, तरी 'पतीचे नाव' मी लाल केले. कॅफेवाल्या वामनरावांनी वडिलांचे नाव उचलून तिथे चिकटवले. मला रिकामे आणि भरलेले एवढेच कळते, म्हणून मी लाल रंग काढला.

"पुसा ते!" धम्मशीला ओरडली.

"कोण वाचते वं पोरी? पुसलं त अर्ज जात नाई."

"नाई गेला त नाई गेला," बनाबाई म्हणाल्या. "पुसा पह्यले."

धम्मशीलाने पानावरच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. गजेंद्रनेच उचलला. पतीचे नाव सक्तीचे का, असे तिने विचारले.

"टिंब टाक न तिथं. काऊन डोकं खाऊन राह्यली?"

"सर, टिंब सुचत नाई त लोकं तिथं बापाचं नाव टाकून राह्यले. तुमच्या बायकोनं नवऱ्याच्या जागी बापाचं नाव लिहिलं, त चालन काय तुमाले?"

त्याने फोन ठेवला आणि मला उघडले. थोड्या वेळाने माझ्या खुणा परत आल्या. वामनरावांनी पान पुन्हा उघडले आणि तो रकाना रिकामा ठेवून अर्ज पाठवला.

मित्रांनो, सगळ्यांना एका ओळीत खुशाल बांधा, पण कोणाला काय विचारायचे याची खूण पुसू नका. धम्मशीलाच्या आधी कितीतरी मुलींचे अर्ज माझ्यातून गेले. त्यांतल्या कोणाकोणाच्या नवऱ्याच्या जागी बापाचे नाव आहे, ते अजून कोणी उघडून पाहिलेले नाही. तेवढे एकदा पुसा.