चंदेरी बंब

शिवरात्र झाली की हिम्मतरावांच्या घरातला बंब विझायचा, आणि उन्हाळ्यात कधीतरी ते त्याला रंग द्यायचे. साधा पत्र्याचा बंब, लग्नाच्या वर्षी उदगीरहून नल्लकुंट्याच्या या घरी आणलेला. राख झाडायची, गंज काचकागदाने घासायचा, वरून काळा रंग मारायचा. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले, पण हे काम सुटलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र त्यांनी काळा रंग नको असं ठरवलं. त्यांच्या बायकोला, पद्मावतीला, विसर पडत चालला होता. आधी वरणातलं मीठ, मग घराची गल्ली, मग माणसं. थंडीत एका पहाटे न्हाणीघरातल्या अंधारात तिने पेटत्या बंबाला सरळ हात टेकवला. तळहातावर फोड आले. ते कशाने आले हेही संध्याकाळी तिला सांगता येईना.

"गीझर घेऊ या ना बाबा," शिल्पा म्हणाली. ती त्यांची मुलगी. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. "आता सगळीकडे मिळतात."

"बटणांशी खेळत बसेल ती. बंब तिच्या ओळखीचा आहे. अंधारात दिसला म्हणजे झालं."

रंगाच्या दुकानात पूर्वी मोजकेच डबे असायचे. आता भिंत भरून गेली होती. दुकानदाराने एक नवा डबा पुढे केला. "सिल्वर लेके जाव साब. भट्टी को मारे तो भी छूटता नै."

हिम्मतरावांनी बंब अंगणात काढला आणि सकाळभर घासला. पद्मावती पायरीवर बसून बघत होती. मधेच तिने पदराने पत्र्यावरची धूळ पुसली, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. रंगाचे दोन हात दिले. वाळल्यावर बंब उन्हात असा चकाकला की शिल्पा घरी आल्या आल्या म्हणाली, "नवाच आणल्यासारखा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी पद्मावती न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली आणि तशीच मागे फिरली.

"आत कोणीतरी उभं आहे," ती हळूच म्हणाली.

"बंब आहे गं तो. आपलाच."

"आपला नाही. आपला काळा आहे."

त्यांनी तिचा हात धरून बंबाला लावून पाहिला. तिने चौकट घट्ट धरली आणि शेवटी दारातच तिचं लुगडं ओलं झालं. शिल्पाने तिला पुसून घेतलं. हिम्मतराव नुसते बाजूला उभे राहिले.

त्याच दुपारी ते पुन्हा काचकागद घेऊन बसले. दुकानदार खरं बोलला होता, रंग सुटत नव्हता. बोटांची सालं निघाली तरी खाचांमध्ये चंदेरी राहिलंच. मग त्यावरच काळा रंग चढवला आणि बंब होता तिथे, होता तसा ठेवला.

"बघ, आला तुझा काळा बंब."

पद्मावतीने दुरून पाहिलं. "आत माणूस आहे," ती म्हणाली. आता तिला बंबाचं नाही, त्या खोलीचंच भय बसलं होतं. त्यांनी बंब उचलून माळ्यावर टाकला, दिवा लावला, स्वतः आत उभं राहून दाखवलं. ती आत आली नाही.

"मी रंग दिला नसता तर," त्या रात्री जेवताना ते म्हणाले.

शिल्पाने ताटातून मान वर केली नाही. "कशावरून बाबा? पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी झालं असतं."

तिने हे समजुतीसाठी म्हटलं होतं, पण त्यांचा घास हातातच राहिला.

त्यानंतर पद्मावतीची आंघोळ अंगणात होऊ लागली. दोरीवर जुनी लुगडी टाकून आडोसा केला, मधे पाट ठेवला. शिल्पाला पहिल्या बॅचसाठी लवकर निघावं लागे, त्यामुळे पाणी घालायचं काम हिम्मतरावांकडे आलं. सुरुवातीला ती अंग चोरून बसायची. पुढे सवय झाली.

एका सकाळी ते तिच्या पाठीला साबण लावत होते. तिने मान वळवून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. एखाद्या भल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं ती पाहत होती.

"तुम्ही रोज येता," ती म्हणाली. "घरी तुमची कोणी वाट बघत नाही का?"

हिम्मतरावांनी तांब्या बादलीत बुडवला.

"डोळे मिटा," ते म्हणाले. तिला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं.

तिने डोळे मिटले, आणि ते सावकाश पाणी ओतत राहिले.