दुरुस्तीला गेलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. आज माझी जी किंमत सांगतात ती ऐकलीत, तर तुम्ही दोन पावले मागे सराल. माझ्याभोवती दोरी बांधली आहे, दोरीला 'हात लावू नये' अशी पाटी टांगली आहे आणि काचेवर किमतीचा मोठा फलक आहे. माणसे येतात, फलक वाचतात आणि आ वासून माझ्याकडे बघतात. मला तेव्हा लाजेने जमिनीत शिरावेसे वाटते. पण चारही चाकांखाली गुळगुळीत फरशी आहे, शिरणार कुठे?

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्या ढीगभर होत्या. सगळ्यांचा रंग सायीसारखा पांढरट आणि सगळ्यांचे नाक एकाच साच्यातले. आम्हा बहिणींना एकमेकींचे कौतुक नव्हते आणि लोकांनाही आमचे नव्हते. मला एका रुग्णालयाने घेतले. मोठे डॉक्टर मागे बसत, चालक पुढे बसे. पुढे डॉक्टरांना नवी गाडी मिळाली आणि मला आवारातल्या कोपऱ्यात ढकलून दिले. तिथून मला त्याच रुग्णालयातल्या नर्सबाईंनी घेतले. त्या घरोघरी जाऊन बाळंतपणे करायच्या.

नर्सबाई होत्या ठेंगण्या. क्लच दाबायला पाय लांबवला की त्या सीटवरून खाली घसरत आणि समोरचा रस्ता दिसेनासा होई. ताठ बसले की रस्ता दिसे, पण पाय पोहोचत नसे. त्यांचे यजमान सुतार होते. लेकीचा पाळणा करून उरलेल्या लाकडाचा त्यांनी एक ठोकळा तासला, त्याला खाली खाच पाडली आणि क्लचच्या पेडलवर गच्च बसवला. हाताला चळ लागल्यासारखे मग त्यांनी खिडक्यांचा उरलेला हिरवा रंगही माझ्या अंगाला फासला. ब्रशचे फराटे शेवटपर्यंत दिसत होते.

चढावर मी खोकायचे. गल्लीतल्या पोरांनी माझे नाव 'खोकलाबाई' ठेवले होते. पण ज्या घरात एखादी बाई कळा देत असे, तिथे माझा खोकला ऐकला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडे. "आल्या गं बाई, आल्या!" असे कुणीतरी आतून ओरडे. त्या हाकेसाठी मी कुठलाही चढ चढले असते. खरे सांगते, मित्रांनो, मला तेव्हा कुणी सुंदर म्हटले नाही आणि मला त्याचे काहीच वाटले नाही.

वाटायचे ते एकाच गोष्टीचे. नर्सबाईंची लेक शाळेत जाऊ लागली आणि तिला माझी लाज वाटू लागली. शाळेच्या अलीकडच्या वळणावर ती म्हणायची, "आई, इथेच उतरव. मी जाते चालत." दप्तर छातीशी धरून ती मागे न बघता पळायची. ती दिसेनाशी होईपर्यंत नर्सबाई मला तिथेच उभी ठेवत आणि मग वळवून नेत.

वर्षे गेली. सुतारकाका वारले. नर्सबाईंचे गुडघे गेले आणि माझे चालणेही थांबले. घराच्या कडेला ताडपत्रीखाली मी उभी राहिले. अंगाला गंज चढला, धुळीवर पोरे बोटाने काहीबाही लिहून जात. मागच्या सीटवर शेजारच्या मांजरीने पिल्ले घातली, तेव्हा मात्र नर्सबाई काठी टेकत टेकत आल्या आणि "सगळी ठीक आहेत ना गं?" असे तिला विचारून गेल्या. माझ्या वाट्याला आलेले ते शेवटचे बाळंतपण.

मग नर्सबाई पडल्या आणि त्यांचे माकडहाड मोडले. त्यांना जिना चढणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी खाली एक खोली बांधायची ठरली आणि जागा होती ती माझीच. लेकीने जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला बोलावले. भंगारवाला देईल त्याहून थोडे जास्त त्याने दिले. गाडी जरा नीटनेटकी दिसावी म्हणून लेकीने तो ओबडधोबड ठोकळा उपटून काढला, पण टाकवेना म्हणून पिशवीत ठेवला. चहा पिता पिता तिने व्यापाऱ्याला सारे काही सांगितले. आईची बाळंतपणे, चढावरचा खोकला, खिडक्यांचा रंग, अगदी सारे. त्याने मन लावून ऐकले. अंथरुणावरच्या आईला मात्र तिने सांगितले, "गाडी दुरुस्तीला दिलीय."

व्यापाऱ्याने माझे सोने केले, असे सगळे म्हणतात. हिरवा रंग खरवडला आणि कंपनीचा मूळ रंग चढवला. पोचे काढले, नवे चामडे ताणून बसवले, खोकला बरा केला. मग गिऱ्हाइकांना तो समजावून सांगू लागला. "अशा गाड्या उरल्यात कुठे, साहेब? सगळ्या भंगारात गेल्या. हिचा एकेक पार्ट शोधायला माझी चप्पल झिजली. आणि हिला नुसतं पत्रा-लोखंड समजू नका. अर्ध्या गावाची बाळंतपणं केलीत हिने!"

ऐकलेत ना? माझ्या बहिणी तोडल्या गेल्या, म्हणून मी महाग. यात माझा काय पराक्रम? मी फक्त मोडायची राहिले. आणि बाळंतपणे मी केली नव्हती हो. पावसापाण्यात पिशवी उचलून धावणारी बाई वेगळी होती. तिचे श्रेय माझ्या बॉनेटवर चकाकत होते, आणि मला तोंड लपवायला साधी ताडपत्रीही उरली नव्हती.

खोली बांधून झाली. नर्सबाई उठून बसू लागल्या आणि रोज विचारू लागल्या, "गाडी आली का गं?" शेवटी लेक मला परत घ्यायला आली. तिने फलकावरची किंमत वाचली आणि खाली लिहिलेली बाळंतपणांची गोष्टही वाचली. त्या पैशांत तिचे राहते घर आले असते.

"अहो, तुम्ही मला दिले किती आणि हे काय?"

"ताई, तेव्हा ते भंगार होतं. आता बाजारात अशी दुसरी दाखवा."

"आणि इथे लिहिलेली ही गोष्ट? ती तर माझ्या आईची आहे."

"गोष्टीचेच तर पैसे आहेत, ताई," व्यापारी म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हे बोलताना त्याने मान खाली घातली होती.

ती तिथेच स्टुलावर बसून रडली. म्हणाली, "ती रोज विचारते हो. मी आता तिला काय सांगू?" व्यापारी विचारात पडला. मग म्हणाला, "घेऊन या त्यांना. बसू दे निवांत. एखादा फोटो तेवढा काढू."

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांच्यासाठी दोरी सोडली. त्यांनी मला समोरून पाहिले, बाजूने पाहिले आणि मान हलवली. "ही कुठली? आपली हिरवी होती." ज्या एका माणसाने मला ओळखावे, त्याने ओळखले नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या नव्या रंगाची जेवढी लाज वाटली, तेवढी गंजाची कधी वाटली नव्हती.

लेकीने त्यांना हाताला धरून आत बसवले. त्यांचा पाय क्लचकडे गेला आणि अधांतरी राहिला. "माझा ठोकळा कुठाय?"

लेकीने पिशवीतून ठोकळा काढला, खाली वाकली आणि पेडलवर दाबून बसवला. नर्सबाईंनी पाय ठेवला, क्लच दाबला, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. "हां. हीच ती!" मग शेजारची सीट थोपटून त्या म्हणाल्या, "बस की. शाळेच्या अलीकडच्या वळणावरच उतरवीन."

लेक बसली. तिला आईच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती काचेबाहेर बघत राहिली. काचेवरच्या कागदी फलकाचे आकडे आतून उलटे दिसत होते. नर्सबाई पुढे झुकल्या आणि एकेक आकडा सावकाश लावून त्यांनी तो वाचला.

"दुरुस्ती भारीच महागात पडली गं," त्या म्हणाल्या.

"आई..."

"असू दे. खोली छान झालीय. ऊन येतं."

व्यापाऱ्याने फोटो काढला. ठोकळा पाहून त्याचे डोळे चमकले. "आजी, हा असाच राहू द्या. हा असला की गाडी पूर्ण होते. याचे वेगळे देतो." नर्सबाईंनी पायानेच ठोकळा सैल केला आणि उचलून लेकीच्या ओंजळीत ठेवला. "हा गाडीचा नाही. हिच्या पाळण्याचा आहे." मग लेकीचा हात धरून त्या उतरल्या आणि मागे न बघता हळूहळू दाराबाहेर गेल्या.

आता माझ्याजवळ तो फोटो टांगला आहे. माझी किंमत त्यामुळे आणखी चढली. परवा एक गृहस्थ येऊन बयाणा देऊन गेले. ते मला त्यांच्या दिवाणखान्यात उभी करणार आहेत, चालवणार नाहीत म्हणे. क्लच उघडा पडला आहे. आता तिथे कुणाचा पाय पोहोचो वा न पोहोचो, काही अडणार नाही.

मित्रांनो, मला पाहायला येऊ नका. तुमच्या दारात एखादी जुनी वस्तू असेल आणि ती वापरणारे जुने माणूस असेल, तर दोघांची चारचौघांत लाज धरू नका. त्यांना किंमत यायची वाट पाहू नका, कारण ती येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि कधी तुमची आई तुम्हाला फराटे उठलेल्या, खोकणाऱ्या गाडीतून शाळेत सोडायला निघाली, तर माझे एवढे ऐका. वळणावर उतरू नका. शाळेच्या दारापर्यंत बसून जा.