पट्ट्यावरची दहा मिनिटं

मुलाचा निरोप सरळ होता. "अप्पा, ती पट्ट्यावर चालायची तपासणी करून घ्या. रिपोर्ट खराब आला तर मी येतो आणि तुम्हाला पुण्याला घेऊन जातो. चांगला आला तर प्रश्नच मिटला."

म्हणजे मला नापास व्हायचं होतं. बायको, गौरम्मा, गेल्यापासून घरात भिंतींशी बोलून कंटाळलो होतो. पण 'मला ने' म्हणायला जीभ रेटत नव्हती. सत्तरीतही माज काही जात नाही.

आमचं उदगीर जिल्हा होणार, हे दर निवडणुकीला ऐकतो. तोवर अशा तपासण्यांना लातूर गाठायचं. हृदयात स्टेंट बसवला तोही तिथंच. तपासणीला गेलो त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. दवाखान्यातल्या माठावर 'अर्धाच ग्लास घ्या' अशी पाटी होती.

छातीला वायरी चिकटवणारी शिवकन्या आमच्या शेजारच्या देवणीची निघाली. "दम लागला, छातीत दुखलं की लगेच सांगा, थांबवते," म्हणाली. माझं ठरलेलंच होतं. तीन मिनिटं झाली की छाती धरायची.

तीन मिनिटं झाली. "कसं वाटायलंय, अप्पा?"

समोर उभं राहून, उत्तराची वाट बघत, हे मला कुणी किती दिवसांनी विचारलं होतं! म्हणालो, "बरं हाय."

पट्ट्याचा वेग वाढला, चढ वाढला.

"घरी कोण कोण हाय?"

"मीच."

"मंग पाणी कोण भरतं?"

"मीच की. टँकरपासून रोज दोन घागरी."

"मंग हे काय लई अवघड न्हाई तुम्हाला!" ती हसली.

सहा मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं, नऊ मिनिटांनी पुन्हा. मी थांबलो की तिचं विचारणं थांबणार, एवढंच मला कळत होतं. घामाच्या धारा लागल्या तरी मी येडा चालतच राहिलो. शेवटी दहा मिनिटांनी तिनंच पट्टा बंद केला.

डॉक्टर कागद बघून खूश झाले. "या वयात इतकं चालणारा माणूस सहसा लवकर जात नाही. अजून बरीच वर्षं काढाल."

बाहेर येऊन मुलाला फोन लावला. खोटं सांगावं असं मनात आलं, पण तोंडातून खरंच निघालं.

"वा अप्पा! डोक्यावरचं ओझं उतरलं बघा."

त्याला तसं म्हणायचं नव्हतं, मला माहीत आहे. तरी लागलं.

मी परत आत गेलो. शिवकन्या दुसऱ्याच्या छातीला वायरी लावत होती.

"काय विसरलं, अप्पा?"

"काही न्हाई. परत कधी यायचं, ते विचारायचं होतं."

"आता येऊच नका!" ती कौतुकानं म्हणाली.