तिजेच्या टोपलीतलं लाल पाणी

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची टोपली आहे. अनसिंगच्या बाजारातून धरमसिंगनं मला बंजाऱ्यांच्या तांड्यावर आणलं, ते त्याच्या पोरीच्या, बेबीच्या तिजेसाठी. श्रावणात बिनलग्नाच्या पोरी टोपलीत वारुळाची माती भरतात, गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात. दहाव्या दिवशी कोंब सगळ्यांना वाटायचे, उरलेले नदीत सोडायचे. त्याआधी पात्याला नखही लावायचं नाही. दोन वर्षं बेबीचेच कोंब सगळ्यांत उंच आले. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या श्रावणात पाऊस आला, पण पावसाबरोबर भाकर येत नाही. धरमसिंग दूर खडी फोडायला गेलेला. घरात त्याची बाळंतीण बायको रामीबाई. तिला दूध नव्हतं आणि तान्हं रडून रडून गप्प झालं होतं.

तिजेला गहू हवा म्हणून बेबी मला घेऊन तांड्याच्या नाईकाकडे, देवलाकडे गेली. ती अंगणात थांबली, मला आत नेलं. आत न पेरलेल्या बियाण्याची गोणी होती. औषध चोपडलेला लालभडक गहू.

नाईकाची बायको केशरबाई दबकत म्हणाली, "अवो, याले तं जहर लावेल हाय."

"तीज कोण पोटभर खाते? आपला खायचा गहू कायले देतं? दे तोच," देवला म्हणाला.

मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बेबीला कोणीच काही सांगितलं नाही.

घरी तिनं गहू धुतला. पाणी लाल झालं. "कुंकवावानी!" म्हणत ती हसली.

सातव्या दिवशी कोंब बोटभर झाले. बेबीनं ते मुळासकट, दाण्यासकट उपटले, मीठ लावलं आणि आईपुढे धरले.

"याडी, शेळीले हिरवं चारलं का दूध उतरते. तू बी खाय."

"देवीचं हाय बेटा. तीन दिवस थांब."

"बाळ थांबन काय तीन दिवस?"

रामीबाईनं खाल्लं. "तू बी घे," म्हणाली.

"मले भूक नाई," बेबी म्हणाली. दोन दिवसांची उपाशी पोर! त्या खोट्यानं ती वाचली.

दुपारी उलट्या सुरू झाल्या, हातपाय कापायला लागले. तिसऱ्या दिवशी रामीबाई गेली. तान्ह्याला मावशी घेऊन गेली. बाया म्हणाल्या, "तीज तोडली पोरीनं, देवी कोपली." आणि देवला नाईक, सगळं ठाऊक असलेला, मान डोलवून म्हणाला, "मंग काय तं." केशरबाई पदर पुढं ओढून घराकडे वळली. कोपायला देवी कशाला लागते? चांगला गहू कोठीत ठेवून जहर पोरीच्या हातात देणारा माणूस पुरतो.

आता मी शेळ्यांच्या छपरावर पडून आहे. बूड गेलंय. मला दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. लाल बियाणं कोणाला द्याल तर तोंड उघडून सांगा, एवढंच म्हणते.

आणि आणखी एक. बेबीला रिठदकडे दिली आहे. माहेरी आली तरी ती तिजेच्या टोपल्यांजवळ जात नाही. "माहा हात वाईट हाय," म्हणते. मला तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर तिला सांगा, बाई, पाणी जहरानं लाल होतं.