बोट टेकव, बाई!

मी दातांच्या कॉलेजातला पुतळा बोलतोय. पुतळा म्हणजे नुसतं डोकं, मुलांच्या सरावासाठी खांबाला आवळून बसवलेलं. गाल रबराचे, दात प्लास्टिकचे, प्रत्येक दात मागून स्क्रूने घट्ट केलेला. तोंड सदा उघडं, पण बोलायची सोय कोणी केली नाही. नाहीतर या मुलांना मी केव्हाच चार शब्द सुनावले असते.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, शिकल्यासवरल्या माणसांत दिवस सुखाचे जातील. कसलं काय! कोणी माझी मान मुरगळून दिव्याकडे वळवतो, कोणी माझ्या ओठावर कोपर टेकून मोबाइल बघतो. दाताची नस कुठून कुठे जाते विचारा, घडाघडा सांगतील. हातात ड्रिल दिलं की मात्र बोंब!

त्यात यंदा लेखी परीक्षेत पहिली आलेली मुलगी म्हणजे माझ्या डोक्याला ताप. वर्गात तिला 'पुस्तकताई' म्हणतात. दात कोरताना करंगळीशेजारचं बोट बाजूच्या दातावर टेकवायचं, म्हणजे हात घसरत नाही. यावर तिने पेपरात पानभर लिहिलं, वर सुबक आकृतीही काढली. आणि इथे माझ्या तोंडात ते बोट हवेत! अगं, कशासाठी ठेवलंयस ते, अंगठी घालायला?

परवा सरांसमोर चाचणी होती. ती पास झाली की मुलांना खरे पेशंट मिळतात. ड्रिल घरघरलं, हिचा हात घसरला आणि किडकी दाढ राहिली बाजूला, शेजारच्या धडधाकट दातालाच भोक पडलं.

"सर, नियम सांगू का?" ती रडवेली होऊन म्हणाली.

"नियम पाठ आहे गं तुझा. बोट कुठंय?"

तिने आपल्याच बोटाकडे परक्यासारखं पाहिलं. मग टेकवलं, पण नावापुरतं. सर म्हणाले, "आता तुझ्या कोपराला धक्का देतो. नीट टेकलं असेल तर ड्रिल हलणार नाही." धक्का दिला. ड्रिल हललं. माझा आणखी एक दात कामातून गेला.

बाहेर बाकावर तिचे बाबा गाल धरून बसले होते. दोन्हीकडची एकेक दाढ ठणकत होती, तरी 'माझ्या लेकीकडूनच भरून घेणार' म्हणून अडून बसलेले. सरांनी दाराकडे बोट केलं. "पास-नापास राहू दे. हा हात त्यांच्या तोंडात घालशील?"

तिने ड्रिल खाली ठेवलं. मग दारात गेली.

"बाबा, आज सर करतील. मी शेजारी उभी राहते."

"अगं, मग पहिला नंबर कशात आणलास?"

"लिहिण्यात," ती म्हणाली. बाबा गाल धरूनच सरांच्या मागून गेले. मला फार वाईट वाटलं, दोघांचंही.

बाबांना घरी सोडून ती परत आली. माझे फुटके दात काढून नवे स्वतः बसवले आणि मैत्रिणीला म्हणाली, "दे धक्का." ड्रिल घसरून माझ्या रबरी गालात घुसलं. तशी दचकून ती म्हणाली, "अरे देवा! लागलं का रे?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मुलांनो, माझे दात बदलता येतात, हवे तितके फोडा. तिच्या बाबांची एक दाढ सरांनी भरली, दुसरी अजून तशीच आहे, आणि ती हिच्यासाठीच राखून ठेवलीय म्हणे त्यांनी. तोवर सगळे धक्के मी खाईन. पण पुस्तकताई, बोट टेकव, बाई! टेकव!