माठावरचा पत्रा

जऊळक्याच्या रस्त्यावर चढ जिथं संपतो तिथं एक कडुलिंब आहे. त्या रविवारी दुपारी त्याच्या सावलीत पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेशनाकडून माणसं चालत आली होती, शेतांतून बाया आल्या होत्या, रिसोडला निघालेली एक जीप उतारूंसकट थांबली होती. मधोमध उभी होती इंद्रभान फोरमनची जर्मन गाडी. काळी, लांबट, नाकावर तारा. बॉनेट उघडं, इंजिन गप्प.

"आत्मा तापला हाय!" शीतलनाथ महाराजांनी कमंडलू उंच धरला. "मेलेल्या मानसाचा जीव कुठं अडकते? जिथं त्याचा मोह असते तिथं! फोरमनचा जीव ह्या लोखंडात फसला, बापा. तडफडून राह्यला. इंजिनियर लोक काय करतीन? पाना फिरवतीन! आत्म्याले पाना लागते काय?"

"नाई लागत!" गर्दी म्हणाली.

महाराजांनी लाल छाटी कमंडलूत बुडवली आणि डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. ते संस्कृत नव्हतं, हिंदीही नव्हतं. कोणाला कळू नये एवढीच त्या भाषेची अट होती. ओली छाटी त्यांनी देवमन मिस्तरीच्या हाती दिली. देवमननं वाकून ती इंजिनात खाली कुठंतरी अंथरली. मंत्र बराच लांबला. मग महाराजांनी चुटकी वाजवली, देवमन आत बसला, आणि मघापासून नुसती कण्हणारी गाडी गुरगुरून चालू झाली.

बायांनी कपाळं रस्त्याला टेकली. फोरमनची विधवा सोजरबाई होती तिथंच बसली, पदर तोंडात कोंबून.

"येत्या बुद्धपौर्णिमेले गाडी मठात सोडा," महाराज तिला म्हणाले. "मी त्यायले मोकळं करतो. नाईतर जीव असाच भाजत राहीन."

"पोरीनं गाडी हाकली का असंच व्हते," जीपमधला एक म्हातारा म्हणाला. "लोखंडाले बी लाज असते."

ती पोरगी, म्हणजे फोरमनची लेक, रिसोडच्या शाळेत विज्ञान शिकवणारी दुर्गा, न पेटवलेली मेणबत्ती हातात धरून उभी होती.

ही गाडी एके काळी कापसाच्या जिनिंगच्या मालकाची. सहा सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची. हैदराबादच्या रस्त्यावर तिच्यापुढं कोणी जात नसे म्हणत. इंजिन जाम झालं, तेव्हा मालकानं ती सरकीच्या गोदामात ढकलली. उंदरांनी गाद्या खाल्ल्या. जिनिंगचे फोरमन इंद्रभान यांनी ती भंगाराच्या भावात घेतली, तेव्हा गाव हसलं होतं. नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आलेला माणूस आता मालकाच्या गाडीत बसणार म्हणून काही जण नुसते हसले नाहीत, जळलेही.

गाडी उभी करायला काही वर्षं गेली. त्या कामात फोरमनच्या सोबतीला होता देवमन मिस्तरी. पिस्टनच्या रिंगा मुंबईच्या चोरबाजारातून आल्या, व्हॉल्व्ह हातानं घासले, गॅस्केट घरी कापले. देवमन त्यांच्याच ताटात जेवला. दुर्गाला क्लच सोडायला शिकवलं तेही त्यानंच. "पोरी, इंजिनाचं आयकत जाय," तो म्हणायचा, "ते खोटं बोलत नाई."

गेल्या वर्षी याच कडुलिंबाखाली फोरमननी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर मान टाकली. हृदय थांबलं होतं. तेव्हापासून दर पौर्णिमेला मायलेकी इथं यायच्या, गाडी थांबवायच्या, मेणबत्ती लावून परत फिरायच्या. हिवाळाभर काही झालं नाही. होळीनंतर देवमननं गाडीची सर्व्हिसिंग केली, ऊन वाढलं, आणि चैत्र पौर्णिमेला इथं बंद केलेली गाडी पुन्हा चालूच होईना. नेमके त्याच वेळी शीतलनाथ महाराज रस्त्यानं चालले होते. महाराजांचे योगायोग फार नेमके असतात. त्यांच्या सांगण्यावरून मायलेकी मग दर रविवारी तिथं जाऊ लागल्या; दर वेळी तेच झालं आणि गर्दी वाढत गेली.

त्या गर्दीच्या रविवारी घरी आल्यावर सोजरबाई जेवली नाही. अंगणात, जिथं वाऱ्याची झुळूक लागत नाही अशा कोपऱ्यात तिनं पटकूर टाकलं.

"माय, आत ये. पंखा लावला हाय."

"नको. त्यायले तिकडं भाजून राह्यलं अन् मी वारा घेऊ?"

"आपन आत्मा मानत नाई, माय. तू बी दीक्षा घेतली हायेस."

"घेतली. तोंडानं म्हनलं बी." सोजरबाईनं आभाळाकडं पाहिलं. "पन दुर्गे, सारा रस्ता सोडून गाडी तिथंच काहून थांबते? सांग ना. तू शिकेल हायेस."

दुर्गानं पाण्याचा तांब्या आणून तिच्या उशाशी ठेवला. आईचा चेहरा महिन्याभरात अर्धा झाला होता. गाडी गेली तर जाऊ दे, पण गाडी गेल्यावरही आपला नवरा भाजत होता हे हिच्या मनातून कोण काढणार?

तिनं प्रश्न उलटा करून पाहिला. गाडी तिथंच का थांबते, हे बाजूला ठेवू. आपण तिथं असं काय करतो, जे दुसरीकडं करत नाही?

चढ चढून आल्याबरोबर आपण इंजिन बंद करतो.

एवढंच. तापलेल्या इंजिनावरून वाहणारी हवा थांबते, पंखा थांबतो, आणि सगळी उष्णता वर चढते. पेट्रोल पाण्याच्या कितीतरी आधी उकळायला लागतं. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप रिकामा धडपडतो. त्याला पातळ पेट्रोल ओढता येतं, वाफ नाही. नळी निवली की गाडी चालू. दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. चढ चढली आणि न थांबता तशीच पुढं जऊळक्यापर्यंत गेली. उतारावर इंजिन निवलं होतं. तिथं बंद करून पुन्हा सुरू केलं. हूं की चूं न करता चालू झालं.

आनंदाच्या भरात ती आधी घरी गेली नाही. देवमनच्या गॅरेजवर गेली. हे ज्याला सांगावं असा बापामागं तोच एक माणूस होता.

देवमन एका ट्रकखाली आडवा होता. बाहेर फक्त त्याची पावलं दिसत होती.

"काका, सापडलं! पेट्रोल उकळते नळीत. पन मंग बाबाच्या वेळेस काहून नाई उकळलं?"

पावलं हलायची थांबली.

"उनाळा लय हाय औंदा," ट्रकखालून आवाज आला. "पानी पे. माठ भरेल हाय."

तिनं माठावरचं झाकण उचललं. झाकण पत्र्याचं होतं. तेलाच्या पिंपाचा पत्रा, दुहेरी, मध्ये ॲस्बेस्टॉसचा थर, कडेला हातोडीचे बारीक ठोके आणि एका कोपऱ्यात छिन्नीनं कोरलेलं 'इं'. गाडी घेतली तेव्हा एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा तापणारा पाइप, आणि पेट्रोलची नळी यांच्यामधला मूळचा पत्रा हरवलेला होता. बाबांनी हा घडवला होता. ठोके घालताना दुसरं टोक देवमननं धरलं होतं. उष्णता अडवणारा तो पत्रा आता मिस्तरीचं पाणी गार ठेवत होता.

दुर्गा पेलाभर पाणी प्यायली. झाकण होतं तसं ठेवलं.

"बरं काका, येते मी," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

बुद्धपौर्णिमेच्या दुपारी कडुलिंबाखाली जत्रा होती. मठाचे लोक हार घेऊन आले होते. दुर्गानं गाडी चढ चढवली, सावलीत उभी केली, इंजिन बंद केलं. मायलेकींनी मेणबत्ती लावली. मग किल्ली फिरवली. गाडी कण्हली.

"पाहा!" महाराज गरजले. "तडफड पाहा!"

"महाराज, एक विचारू?" दुर्गा म्हणाली. "माझे वडील कुठं बसून गेले?"

"स्टेरिंगवर."

"मग जीव तिथंच असेल. छाटी सीटवर ठेवा. इंजिनात कशाला?"

गर्दीला ते पटलं. "ठेवा ना, महाराज!" कोणीतरी ओरडलं. महाराजांनी देवमनकडं पाहिलं, देवमननं जमिनीकडं. छाटी सीटवर गेली. मंत्र झाला, चुटकी झाली. गाडी कण्हत राहिली. मंत्र आणखी मोठ्यानं झाला. बॅटरीचा आवाज बारीक व्हायला लागला.

"शंका घेनारं मानूस जवळ असलं का शक्ती काम नाई करत," महाराज घाम पुसत म्हणाले.

"मग मी जवळ येऊनच करते." दुर्गानं आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं एका बाईच्या घागरीत भिजवलं, बॉनेटखाली वाकून पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर गुंडाळलं. "मंत्र लागेल ना? तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

पोरं हसायला लागली. मग तीही म्हणायला लागली. पाढा संपला, पुन्हा सुरू झाला, फडक्यावर पुन्हा पाणी पडलं. दुर्गानं किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि सुरात चालायला लागली.

जीपमधला म्हातारा आज पायी आला होता. "आता हे काय म्हनावं, बाई?"

तिनं नळी दाखवली, तापलेला एक्झॉस्ट दाखवला, आणि मधली चार रिकामी छिद्रं, जिथं बोल्टच्या खुणा अजून चकचकीत होत्या. "इथं पत्रा होता. तो पडला नाही, काढला आहे. देवमनकाकांच्या माठावर आहे. जाऊन पाहून या."

कोणी गेलं नाही. देवमनच्या चेहऱ्याकडं पाहिल्यावर जायची गरज उरली नव्हती. महाराजांचा हारवाला मात्र तेवढ्यात हार गुंडाळून पिशवीत घालत होता.

"ही गाडी म्या उभी केली व्हती," देवमन हळूच म्हणाला. "नाव कोनाचं झालं? फोरमनचं. फोरमन गेला तं पोरीचं. मठात गेली असती तं म्याच चालवनार व्हतो."

"मागायची ना, काका."

"मागून मालक व्हते काय मानूस?"

"गाडी मी दिली असती," दुर्गा म्हणाली. "पण तुम्ही मायची झोप घेतली. बाबा जळतात असं तिला वाटू दिलंत. त्यांच्याच ताटात जेवून."

सोजरबाई उठली. देवमनला काही बोलेल असं सगळ्यांना वाटलं. ती त्याच्या समोरून गेली आणि बॉनेटवर हात ठेवला.

"लय तापली हाय," ती म्हणाली.

"इंजिन तापलंय, माय."

"इंजिनच ना?"

"इंजिनच."

सोजरबाईनं हात बराच वेळ तिथंच ठेवला.

पत्रा दुर्गानं स्वतः बसवला. व्हॉल्व्हचं अंतर आता तीच पाहते, बाबांच्या मापाच्या पात्यांनी. पाना धरायची रीत मात्र देवमननं शिकवलेली आहे, ती बोटांतून काढता येत नाही. गॅरेजवरून जाताना ती गाडी हळू करत नाही.

कडुलिंबाखाली माणसं अजून भेटतात. एकदा तिथं एका बाईनं विचारलं, "पन बाई, महाराज खोटे हायेत हे वळखावं कसं?" दुर्गा म्हणाली, "महाराज ओळखायला जाऊच नका. खरा-खोटा चेहरा मलाही ओळखता आला नाही, तोही घरचा. जिथं नवल दिसेल तिथं एवढंच म्हणा: पुन्हा करून दाखवा, छाटी दुसरीकडं ठेवून. खरं असेल ते रागावणार नाही."

पण बुद्धपौर्णिमेच्या त्या रात्रीच सोजरबाईनं पटकूर आत, पंख्याखाली ओढलं.