नवा डोळा सणावाराला

नित्याचा साखरपुडा जांभळ्या साडीतच झाला. आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू, कारण त्या सकाळी तंजावरच्या साडीच्या दुकानात हे कुणी नवरदेव भरद्वाजला सांगितलं असतं, तर तो सांगणाऱ्याच्या पाया पडला असता.

त्याच्या घरची रीत अशी: साखरपुड्याची साडी सासरच्यांनी घ्यायची, रंग नवरीनं निवडायचा आणि घरातल्या थोरल्या आत्यानं त्यावर मान डोलवायची. शेषम्मा आत्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली. कुठलीही गोष्ट एकदा परत पाठवल्याशिवाय तिला ती मंजूर करता येत नसे.

नित्यानं जांभळं रेशीम मांडीवर घेतलं. तिचा चेहरा असा उजळला की भरद्वाजनं मनातल्या मनात लग्नच उरकलं.

"काळी," आत्या म्हणाली. "शुभकार्याला काळी नको."

"व्हायलेट, अम्मा," दुकानदार म्हणाला.

"तुमच्याकडे असेल. माझ्याकडे काळी आहे."

नित्यानं साडी हळूच खाली ठेवली. "सरि, आत्या," ती म्हणाली; तमिळमधलं साधं 'बरं'. रुसली असती तर बरं, असं भरद्वाजला वाटलं. या घरात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीच नापास. काहीतरी बोलायला म्हणून त्यानं आत्याकडे पाहिलं, तर तिनं उजवा डोळा पदरानं झाकलेला.

"दुखतोय का गं?"

"छे. मागच्याच महिन्यात मोतीबिंदू काढून नवं भिंग घातलंय ना. नवी वस्तू बाजारात वापरून झिजवायची कशाला? सणावाराला काढते."

"डोळा?"

"मग काय, भिंग एकटंच काढू?"

डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते भरद्वाजला आता आठवलं. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होतं आणि निळा प्रकाश बाहेरच अडवतं. मेंदू सोशिक, रोज थोडं थोडं सांभाळून घेतो, मालकिणीला कळवत नाही. थोडक्यात, आत्या कित्येक वर्षं फिल्टर कॉफीतून जग बघत होती. त्यानं तिला तसं समजावलं.

"डावा डोळा जन्मापासून माझ्याजवळ आहे," आत्या म्हणाली. "हा उजवा काल आलेला. याचं ऐकू?"

घरात तर उद्या येणार असलेल्या नित्यानं मान वर केली. "आत्या, साखरपुडा सणात धरतात का?"

आत्या अडकली. नियम तिचाच होता. "धरतात."

"मग काढा की."

पदर खाली आला. आत्या साडीकडे बघत राहिली.

"जांभळी," तिनं अखेर नोंदवलं, आणि तिची मान तंजावरच्या मान हलवणाऱ्या मातीच्या बाहुलीसारखी बराच वेळ डोलली. डोलता डोलता नजर स्वतःच्या अंगावर गेली.

"ही माझी राखाडी साडी..."

"फिकी जांभळी आहे, आत्या," भरद्वाज म्हणाला. "पहिल्यापासून."

"दहा वर्षं मी ही नेसून देवळात जाते. कुणी बोललं नाही?"

"आम्हाला वाटलं, तुला आवडते."

नित्याला हसू आवरेना, म्हणून तिनं तोंड जांभळ्या रेशमात लपवलं. बिल होईपर्यंत ते बाहेर आलं नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. परतताना ऑटोत आत्यानं दोन्ही डोळे उघडे ठेवून इस्पितळासाठी अर्ज सांगितला आणि होणाऱ्या सूनबाईंनी तो मोबाइलवर उतरवून घेतला:

"सविनय सादर. डाव्या डोळ्यातून निघणारं जुनं भिंग अर्जदार बाईस बरणीत, सुस्थितीत परत मिळावं. यापुढे घरात येणाऱ्या प्रत्येक साडीला त्यातून पाहून हरकत घेण्याचा तिचा हक्क अबाधित राहावा. आणि गेली दहा वर्षं ती राखाडी साडीच नेसत होती, अशी नोंद पूर्वलक्षी प्रभावानं करण्यात यावी, ही विनंती."